मॉरिशसची बाई

"बाई अजून खाली आलेली नाही गं," असं कुणीतरी पाठीमागे मराठीत म्हणालं, आणि अहल्येच्या बोटांतला इडलीचा तुकडा सांबारात पडला.

ती वळली नाही. समोर छातीइतका उंच स्टीलचा कट्टा होता. त्याच्या भोवती माणसं उभ्यानंच खात होती, खाऊन झालं की ताटली टबात टाकून चालू लागत होती. हॉटेलातला नाश्ता सोडून ती समोरच्या या उपाहारगृहात आली होती ती वासामुळे. रस्ता ओलांडताना दुचाक्यांना घाबरून दोनदा मागे फिरली आणि तिसऱ्यांदा एका म्हातारीच्या पदराआड लपल्यासारखी पलीकडे गेली. काय मागावं ते कळेना, म्हणून शेजाऱ्याच्या ताटलीकडे बोट दाखवलं. मग त्याच्या शेजाऱ्याच्या. अशा चार इडल्या आणि एक वडा तिच्यापुढे आला होता. इतकी मऊ इडली तिनं जन्मात खाल्ली नव्हती. आणि आता हा आवाज. "हॉटेलच्या समोरच हाय मी, नाश्ता करतोय. मॉरिशसची हाय आई, मॉरिशस. समुद्रात हाय ते. नाही, गोरी नाही, आपल्यासारखीच असंल. साहेब म्हणाले, दोन दिवस हिंडव, चांगलंचुंगलं खायला घाल, बाई खूश झाली पाहिजे. मशीन? मशीन कुठं झालंय अजून? ते शुक्रवारी बघायचं."

अहल्येच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्या बोलण्यातली बाई म्हणजे ती स्वतः होती आणि ते मशीन म्हणजे ती ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून आली होती ते चहाच्या पुड्या भरायचं यंत्र होतं. पण त्या क्षणी तिला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. तिला वाटलं ते नवल. या कानडी शहरात कुणीतरी मराठीतून आईला आपण कुठं उभं राहून काय खातोय ते सांगत होता. एवढंच. बावन्न वर्षांत तिनं मराठी कधी अशा कामाला लावलेली ऐकली नव्हती. तिच्या बेटावर मराठी होती, पण ती गणपतीत बाहेर निघायची, लग्नात निघायची, रेडिओवर रविवारी अर्धा तास निघायची. भाजी आणायला, भांडायला, बस चुकली म्हणून चरफडायला क्रिओल होती. तिचे बाबा गावच्या बैठकेत, म्हणजे संध्याकाळच्या मराठी शाळेत, तीस वर्षं फुकट शिकवत होते. उसाच्या मळ्यातून आले की पाय धुवायचे आणि खडू घ्यायचे. ते भारतात कधी आले नाहीत. पण मराठीत लिंग चुकलेलं त्यांना चालत नसे. सात वर्षांची अहल्या एकदा "मला भूक लागला" म्हणाली, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला आणि म्हणाले, "पुन्हा." भूक लागली, भूक लागली, असं ती म्हणत राहिली आणि ताटातली डाळ थंड होत गेली. त्यानंतर तिनं एक सोपी युक्ती शोधली होती. मराठी समजून घ्यायची, वाचायची, परीक्षेत पहिला नंबर काढायचा, पण तोंड उघडायचं नाही.

तो मुलगा, म्हणजे तसा पस्तिशीचा असेल, फोन ठेवून तिच्या शेजारीच येऊन उभा राहिला आणि कॉफी भुरकू लागला. पितळी वाटीत उपडी केलेली ती फेसाळ कॉफी. अहल्या त्याला सांगणारच होती. वाक्य तयारही झालं होतं: 'मी ती बाई आहे.' पण 'ती' बरोबर की 'तीच', एवढ्या विचारात तो वाटी ठेवून निघून गेला.

अर्ध्या तासानं तोच हॉटेलच्या दारात उभा होता; मघाशी शेजारी खात होती ती हीच, हे त्याच्या गावीही नव्हतं. "गुड मॉर्निंग मॅडम, आय अॅम महांतेश, सर्व्हिस इंजिनिअर," असं म्हणून त्यानं इंग्रजीत सांगितलं की एक छोटा भाग यायचा आहे, त्यामुळे मशीनची चाचणी शुक्रवारी. तोवर कारखान्याचे मालक भगवंतराव साहेबांनी गाडी दिली आहे, मॅडमना शहर दाखवायला. अहल्या हसली आणि इंग्रजीतच "थँक यू" म्हणाली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. निघताना पोर्ट लुईच्या कचेरीत मॅनेजर म्हणाला होता, "ते लोक खायला घालून सही घेतात, सांभाळ." खरं तर तिनं यायचंच नव्हतं. यायचं होतं हर्षनं, इंजिनिअरनं. त्याचा पाय फुटबॉल खेळताना मोडला आणि अठ्ठावीस वर्षं पॅकिंग खात्यात काढलेल्या सुपरवायझर बाईचा पासपोर्ट घाईघाईनं करावा लागला. मॅनेजरनं तिला मशीन पास झाल्याचा कागद दिला, कागदावर कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून दिली, आणि चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्याला तिचा भरवसा नाही. आता तिच्याजवळ एक गोष्ट होती जी कुणालाच ठाऊक नव्हती. गाडीच्या मागच्या सीटवर बसताना तिला शाळेत कॉपी लपवलेल्या पोरीसारखी धडधड होत होती. आणि खरं सांगायचं तर मजा येत होती.

मग ते दोन दिवस. पुढे कुणी विचारलं तर तिला त्यांचा क्रम सांगता आला नसता, सगळं एकमेकांत मिसळलं होतं. एक खरं, की तिचे डोळे प्रत्येक रस्त्याच्या टोकाला समुद्र शोधत होते. बेटावर कुठलाही रस्ता थोडा वर चढला की पलीकडे निळी पट्टी दिसतेच. इथं रस्ता चढायचा, तिचं मन तयार व्हायचं, आणि पलीकडे उड्डाणपूल, पुलापलीकडे आणखी घरं, पाण्याच्या टाक्या, झाडं, पुन्हा घरं. एवढी जमीन! जमीन संपतच नाही म्हटल्यावर तिला एकदा चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा महांतेशनं गाडी थांबवून तिला शहाळं पाजलं. लालबाग नावाच्या बागेतल्या खडकावर ती चप्पल काढून चढली. महांतेशनं पाटी वाचून सांगितलं की हा दगड तीनशे कोटी वर्षांचा आहे. तिचं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, शाळेत शिकवत ऐंशी लाख वर्षांचं. तिनं वाकून खडकाला तळहात लावला. उन्हानं तो म्हशीच्या पाठीसारखा कोमट झाला होता. आजूबाजूला कॉलेजची पोरं फोटो काढत होती, एक जोडपं शेंगदाणे खात होतं, आणि कुणालाच त्या तीनशे कोटींचं काही वाटत नव्हतं. तिला मात्र एकदम मोठ्यानं हसू आलं. "व्हेरी ओल्ड," ती महांतेशला म्हणाली. "येस मॅडम, व्हेरी ओल्ड," तो म्हणाला आणि तोही हसला.

बाजारात फुलांचे ढीग होते, शेवंतीचे, झेंडूचे, माणूस बुडेल एवढे. फुलवाली गजरा कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापायची. अहल्येनं तिच्या हाताशेजारी आपला हात धरून पाहिला, तिचा बोटभर लांब भरला, तेव्हा फुलवाली कानडीत काहीतरी म्हणाली आणि तिच्याच हातानं मापून दिला. बसवनगुडीत एका अरुंद दुकानात दोन बायका प्लास्टिकच्या कागदावर पुरणाचे गोळे बोटांनी थापून होळिगे, म्हणजे तिथल्या पुरणपोळ्या, करत होत्या, एक थापायची आणि दुसरी तव्यावर टाकायची. अहल्या काचेपाशी नाक लावून उभी राहिली. तिच्या गावातही डाळ भरून पुरी करतात, पण ती तिखट, रस्त्यावर कागदात गुंडाळून खायची, तिच्या हातची तर साऱ्या कारखान्यात नावाजलेली. इथं तीच डाळ गुळात शिजली होती आणि वरून तूप सुटलं होतं. पहिला घास घेताना तिला वाटलं की ही आपल्या पुरीची कुठंतरी दूर दिलेली बहीण आहे, तोंडवळा तोच, स्वभाव वेगळा. तिनं दोन खाल्ल्या. मग तिसरी, नारळाची. संध्याकाळी गाडी सिग्नलला अडकली असताना महांतेशनं पुन्हा आईला फोन लावला. "बाई चांगली हाय गं. साधी हाय. पण खातीया मात्र जोरात! सकाळीच सहा इडल्या हाणल्या म्हणं, इडलीवाला सांगत होता." अहल्येनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि पदराचा बोळा ओठांवर दाबून धरला. सहा नाही, चार.

पण हसू ओसरलं की खाली काहीतरी गार लागायचं. गुरुवारी दुपारी केळीच्या पानावर जेवताना तिला ते नेमकं कळलं. वाढपी भात घालत होता, सार ओतत होता, ती हात आडवा धरत होती तरी तो घालतच होता. घरी कधी कुणी तिला असं आग्रहानं वाढलं नव्हतं, वाढायचं काम तिचंच. आणि एकाएकी मनात आलं: हे सगळं मला कशासाठी? हे पापड, ही गाडी, तो खडकसुद्धा? ज्याचं मीठ खाल्लं त्याला नाही म्हणायचं तिला कधी जमलं नव्हतं. शेजारीण, नणंद, फोरमन, कुणालाच. माणसानं एक कप चहा पाजला तर आठवडाभर ती त्याची कामं करायची. समोर बसलेला महांतेश मान खाली घालून जेवत होता. हा पोरगा मला फसवतोय, तिला वाटलं; आणि लगेच, मीही त्याला फसवतेय. त्या दोन फसवणुकींच्या मधोमध तो मुगाचा पायसम् इतका सुंदर लागत होता की तिनं आणखी वाढून घेतला.

शुक्रवारी होसकोट्याला, कारखान्याकडे निघाले. के. आर. पुरमच्या तारांच्या पुलावर गाडी पाऊण तास हललीच नाही. महांतेश आज गप्प होता. कारखाना औद्योगिक वसाहतीच्या शेवटी, छोटासा, दारात शोभेची शेवंती. भगवंतराव स्वतः बाहेर आले. साठीचे, गोरेपान, कपाळावर बारीक गंधाची रेघ, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी नमस्कार केला, इंग्रजीत प्रवासाची चौकशी केली, दोन दिवस काय काय पाहिलं ते तिच्याकडून हौसेनं ऐकून घेतलं, आणि आत वळून हाक दिली, "महांतेश, बाईंना कॉफी सांग. मग स्वल्प उशिरानं सुरू करू, सरी?" मधूनच कानडी, पण म्हणजे साहेबही मराठीच!

मशीन सुंदर होतं. ते तिला मान्य करावंच लागलं. नवं कोरं, माणसापेक्षा हातभर उंच; वरून चहाची पावडर पडायची, कागद गुंडाळी होऊन खाली यायचा, दोन तापलेले जबडे मिटायचे आणि पुडी तुटून पडायची. ठक्, ठक्, ठक्. आधी त्यांनी इथलाच जाड चहा घालून दाखवला. मिनिटाला साठ पुड्या, एकेक घट्ट. भगवंतरावांनी तिनं आल्याआल्या दिलेला सहीचा कागद पुढे केला. "वन मिनिट," अहल्या म्हणाली आणि तिनं आपल्या बॅगेतून आणलेली पाच किलोची पिशवी उघडली. तिच्या कारखान्याचा चहा, पिठासारखा बारीक, व्हॅनिला मुरवलेला. त्या वासानं ती शेड भरून गेली. कोपऱ्यातला वेल्डर मान वर करून हुंगू लागला. तिला एका क्षणात तिथला डोंगर दिसला, धुकं, पॅकिंगच्या लांब टेबलापाशी बसलेल्या बायका. मग तिनं खुणेनं एक बादली मागितली आणि ती विसळायला बाहेर नळापाशी गेली. सील पक्कं आहे का ते पाहायला पुडी पाण्यात बुडवून दाबायची, बुडबुडा आला तर पुडी गळकी. यंत्र कितीही महागडं असलं तरी शेवटी बादलीच खरं सांगते.

नळाची धार बंद केली तेव्हा खिडकीतून आवाज येत होते. महांतेशचा खालचा, अडखळणारा. "साहेब, सांगूया की त्यांना. पावडर लई बारीक हाय, आधीच्या नमुन्यावर बघितलंय. धूळ उडून सीलमध्ये बसतीया, साठला धरत नाही." मग भगवंतरावांचा. "अरे, कंटेनर मंगळवारी निघायला पाहिजे. चाळीसवर आण. बाईंना काय कळतंय साठ का चाळीस. पुढं तू तिकडं जाऊन नीट करून ये, मी तिकीट काढतो." "तिकडं जाऊन कसं हुईल साहेब? जबडाच बदलायचा हाय, धूळ ओढायचा पंखा लावायचा हाय." "आता वाद नको, महांतेश."

ती बादली घेऊन आत आली. मशीन सुरू झालं. ठक्… ठक्… ठक्. अठ्ठावीस वर्षं तिचे कान त्या ठोक्यांत वाढले होते. झोपेत यंत्राचा ठोका चुकला तर ती जागी व्हायची. हा साठचा ठोका नव्हता. भगवंतराव हसून म्हणाले, "एव्हरीथिंग परफेक्ट, मॅडम." कागद टेबलावर होता, पेन्सिलीची फुली होती, फुलीशेजारी पेन ठेवलेलं होतं. बाजूच्या खोलीत केळीची पानं मांडलेली दिसत होती. जेवण आलं होतं. तुपाचा आणि व्हॅनिलाचा वास एकत्र झाला होता. अहल्येला पाहिजे ते इंग्रजी वाक्य सापडेना. फ्रेंच आली, क्रिओल आली, आणि त्यांच्या मागून, तिनं न बोलावता, ती तिसरी आली.

"ही मशीन पास झाला नाही," ती म्हणाली.

चुकलं. म्हणताक्षणीच तिला कळलं की चुकलं, आणि बाबांचा हात तिच्या डोळ्यांपुढे वर गेला. पुन्हा. पण ती पुन्हा म्हणाली नाही. थांबलीच नाही. "आपण वेग चाळीस केला आहे. साठच्या वेगाने चालवा. माझी पावडर घाला. दहा पुड्या मी पाण्यात बुडवीन. मग आपण बोलू."

कुणीतरी बटण दाबून मशीन बंद केलं होतं. महांतेशचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानांपासून लाल होत खाली आला. तो परवापासूनचं एकेक आठवत असणार. भगवंतरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू ती आत्ताच आली होती.

"तुम्हाला मराठी येतं?"

"येते."

"म्हणजे बुधवारपासून सगळं ऐकत होता? आणि बोलला नाहीत?"

"नाही बोलले. ते माझे चुकले." तिनं बादली टेबलावर ठेवली. "मशीन तयार नाही, हे आपणही बोलला नाहीत."

मग महांतेशनंच, कुणी न सांगता, मशीन सुरू करून वेगाचं चाक फिरवलं. साठ. दहा पुड्या पडल्या. तिनं पदर खोचला, एकेक पुडी पाण्याखाली धरून अंगठ्यानं दाबली. पहिली, दुसरी कोरड्या. तिसरीतून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. दहांतल्या चार. शेवटची पुडी पाण्याखाली असतानाच भगवंतराव वळून आपल्या केबिनमध्ये गेले आणि दार लोटून घेतलं. पानं मांडलेली होती ती तशीच राहिली. त्यांवर त्या दिवशी कुणीच जेवलं नाही.

परतताना गाडी तारांच्या पुलावर पुन्हा अडकली. अहल्येचे हात अजून ओले असल्यासारखे गार होते. आपण हे काय करून बसलो? मग पुढच्या सीटवरून महांतेश रस्त्याकडे बघतच म्हणाला, "ते इडलीचं पण ऐकलासा?"

"सहा नव्हत्या," अहल्या म्हणाली. "चार होत्या."

त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याचे खांदे हलत होते. आधी तिला वाटलं रडतोय. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून जीव घेतला तरी दोघांचं हसू थांबेना. "मी चिक्कोडीकडचा, अक्का," तो डोळे पुसत म्हणाला. दोन दिवसांची मॅडम अशी पुलावरच उतरून गेली. "घरात मराठी, शाळेत कानडी. इंजिनिअर झालो तरी कुणाला तोंडावर नाही म्हणायला जमत नाही बघा. आज तुम्ही म्हणालासा, तर माझ्या पोटातलं ओझं उतरलं. साहेब वाईट नाहीत. तीन महिन्यांत हे एकच मोठं काम आलंय, घाबरलेत."

शनिवार वाईट गेला आणि चांगलाही गेला. सकाळी मॅनेजरचा फोन, कंटेनरवरून आरडाओरडा. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चार गळक्या पुड्यांचे फोटो पाठवले. तिकडून उत्तर आलं ते एवढंच, की तिकीट पुढे ढकललं आहे. होसकोट्याहून कुणाचाही फोन नाही. गाडी नाही. खोलीत बसून ती भिंतीवरच्या चित्रातलं जहाज बघत राहिली. आपण त्यांचं अन्न खाल्लं आणि त्यांच्याच शेडमध्ये उभं राहून त्यांना खाली बघायला लावलं, हे काही केल्या मनातून जाईना. बाबा असते तर काय म्हणाले असते? बहुधा 'मशीन पास झालं नाही' असं म्हणाले असते. या विचारानं ती दचकली, मग तिला खुदकन हसू आलं, आणि भूक लागली. ती एकटीच बाहेर पडली. बस कुठली ते न बघता चढली, एका तळ्यापाशी उतरली, रस्त्यावर उकडलेले शेंगदाणे घेतले, मसाला पुरीच्या गाड्यावर तिखटानं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं. गाडीवाल्याला ती सरळ मराठीत म्हणाली, "आणखी एक द्या." त्याला मराठी येत नव्हती. पण त्यानं आणखी एक दिली. दुपारभर ती अशीच बोलत फिरली, रिक्षावाल्याशी, पेरूवालीशी, लिंग चुकवत, क्रियापद चुकवत, कुणी कानडीत उत्तर देत होतं, कुणी हिंदीत, कुणी नुसतं मान हलवून, आणि काहीही अडत नव्हतं. आपली जीभ एवढी वर्षं भाड्यानं दिलेली खोली होती आणि आज अचानक ताब्यात आली, असं काहीतरी तिला वाटलं. अंधार पडायच्या आत ती पायी हॉटेलवर आली. वाटेत दोनदा चुकली, तर दुप्पट आनंद झाला.

रविवारी सकाळी खोलीतला फोन वाजला. "अहल्या अक्का का? मी मथुरा. भगवंतरावांची बायको. काल अवरेकाय आणलंय, सीजन चालू आहे. जेवायला या. महांतेश येतो न्यायला."

"पण साहेब…" अहल्या म्हणाली.

"साहेब घरीच आहेत. दोन दिवस कारखान्यातून आले की तोंड सुजवून बसतात. सुजू दे. तुम्ही या."

इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं, खाली गाड्या, वर कुंड्या. दारात मथुराबाई, ठेंगण्या, घाईच्या, बोलता बोलता चालणाऱ्या. "आमचे लोक इथं येऊन साडेतीनशे वर्षं झाली म्हणतात. कोण मोजायला गेलंय. पुण्याचे पाहुणे आले की आमचं मराठी ऐकून हसतात. तुम्ही पण हसा, काही बेजार नाही, वाईट वाटत नाही." पण हसल्या त्याच. अहल्येनं "आपले घर अतिशय सुंदर आहे" म्हटलं, तर त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अय्यो, पुस्तक बोलल्यासारखं बोलता की हो!" दोघींना एकमेकींचं अर्धं कळत होतं. मथुराबाईंच्या बोलण्यात मधूनच कानडी शब्द यायचा आणि अहल्येच्या मधून क्रिओल, आणि उरलेलं अर्धं त्या हातांनी भरून काढत होत्या. अहल्या आयुष्यात कुणाशी इतका वेळ मराठीत बोलली नव्हती. तिचा गळा दुखायला लागला होता आणि तिला थांबायचं नव्हतं.

भगवंतराव बैठकीच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसले होते. नमस्कार झाला, बस्स. त्यांच्यासमोरच जमिनीवर सतरंजी टाकून मथुराबाईंनी परात मांडली. रात्रभर भिजवलेले अवरेकायचे पावट्यासारखे दाणे, फुगलेले, निसरडे. दाणा चिमटीत धरून दाबायचा, की आतली डाळ सुटून बाहेर येते आणि साल बोटांत राहतं. महांतेशही मांडी घालून बसला. तिघांच्या बोटांतून दाणे सुटत होते, टप् टप् पातेल्यात पडत होते. पातेलं अर्धं भरलं तेव्हा वर्तमानपत्रामागून आवाज आला, कुणालाही उद्देशून नसल्यासारखा. "काल पंखा लावलाय. जबडा बदललाय. दोनशे पुड्या बुडवल्या. एकही गळली नाही." वर्तमानपत्राचं पान उलटलं. "मला भीती वाटली होती. म्हणून तसं केलं. चूकच ती." आणि मग, "उद्या या. बादली आणा."

अहल्येला काहीतरी उत्तर द्यायचं होतं, चांगलं, पूर्ण वाक्य. ती ते जुळवत असताना तिची चिमूट जरा जास्तच जोरात दाबली गेली. दाणा बंदुकीच्या गोळीसारखा सुटला, वर्तमानपत्राच्या कडेवरून गेला आणि भगवंतरावांच्या चष्म्याच्या काचेवर टच्चकन आपटून त्यांच्या मांडीवर पडला.

मथुराबाईंचा हात परातीतच राहिला. भगवंतरावांनी सावकाश वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा चढवला. मग मांडीवरचा दाणा दोन बोटांनी उचलून उजेडाकडे धरला, या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला, आणि खाली वाकून पातेल्यात सोडला.

"हा पास झाला," ते म्हणाले, आणि जागेवरून उठून, गुडघ्यावर हात टेकत, सतरंजीवर येऊन बसले. अहल्या सरकली, तिनं परात त्यांच्या हाताशी ढकलली आणि तोंड भरून हसत पुढची मूठ उचलली.